शाई अजून ओली आहे

श्रावणातला रविवार, सकाळचे दहा. हजर: मी. गैरहजर: विरारला राहायला गेलेल्या निवृत्त चित्रकला शिक्षिका, आणि नव्या नोकरीमुळे रविवारीही दुकानात उभा असणारा त्यांचा भाचा. आमचं मंडळ एवढंच. दर रविवारी पूनम सागर सोसायटीतल्या माझ्या घरी तिघं बसायचो आणि पत्त्याच्या पानाएवढी कार्डं बनवायचो. नियम एकच: कार्ड विकायचं नाही, फुकट द्यायचं नाही. कार्डाच्या बदल्यात कार्ड.

त्या रविवारीही मी टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, जाड कागद कापले. ठशांसाठी भेंडी आदल्या दिवशीच चिरून ठेवली होती. ताजी भेंडी चिकट असते, शाई पसरते. आधी भेंडीचं फूल उमटवलं, मग खोडरबरावर ब्लेडने कोरलेला मासा. ठसे वाळल्यावर उरलेल्या जागेत काळ्या पेनने गिरगोट्या: भाईंदरच्या मिठागरांसारखे चौकोन, त्यांच्या आत आणखी चौकोन. दुपारी एकपर्यंत सगळी कार्डं कपड्यांच्या स्टँडवर चिमट्यांना लटकत होती. काम वेळेत उरकलं होतं. दाखवायला कोणी नव्हतं.

दोनच्या सुमारास पाचव्या मजल्यावरचे गुजराती काका आले. सोसायटीचा सेक्रेटरी मी. पाण्याची टाकी साफ करण्याच्या नोटिशीवर त्यांना माझी सही हवी होती. काका एकटे राहतात. मीही. इतक्या वर्षांत आमचं बोलणं पाणी आणि पार्किंगच्या पुढे गेलेलं नव्हतं.

त्यांनी स्टँडकडे पाहिलं. "शादी के कार्ड? इस उमर में, सेक्रेटरी साब?"

"तसं काही नाही, काका. टाइमपास."

"एक दे दो. फ्रिज पे लगाऊंगा."

"ऐसे नहीं मिलता. बदले में एक बनाके लाना पडेगा."

"मैं? मैंने तो जिंदगी में सही के सिवा कुछ निकाला नहीं."

सही घेऊन ते गेले. दार लावल्यावर वाटलं, द्यायला काय हरकत होती. ज्यांच्याबरोबर नियम ठरवला होता, ती दोघं तर आता येतच नाहीत.

बुधवारी संध्याकाळी काका पुन्हा दारात. शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून आणला होता, आमच्या कार्डाच्या दुप्पट. त्यावर निळ्या शाईचा अंगठा, आणि अंगठ्याला बॉलपेनने काढलेले पाय आणि चोच.

"कबूतर है. खिडकी पे बैठता है. साइज गलत हो गया. चलेगा?"

"चालेल की. तुमच्यासाठी वेगळं करतो. रविवारी."

रविवारी केलं. मिठागर आणि कडेला एक बगळा. सोमवारी काकांनी दारातूनच विचारलं, "मेरा सूख गया?" कार्ड तिथेच चिमट्याला होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "अजून ओलं आहे. हवा दमट आहे ना." ते आत आले, चहा घेतला, त्यांच्या जुन्या पिशव्यांच्या दुकानाबद्दल बोलत बसले. मंगळवारी पुन्हा आले. मी तेच उत्तर दिलं. ते गेले की कप विसळताना घर नेहमीपेक्षा जास्तच शांत वाटतं.

काल ते थेट स्टँडजवळ गेले आणि बगळ्यावर बोट टेकवलं. बोट कोरंच निघालं. त्यांनी बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हां," ते म्हणाले, "थोडा गीला है अभी." आणि खुर्ची ओढून बसले. चहात साखर कमी टाकायला सांगितली.

या आठवड्याची कामं बहुतेक झाली. टाकी साफ करून घेतली, लाइट बिल भरलं, शाईचा नवा पॅड आणला. काकांचं कार्ड द्यायचं राहिलं आहे.