ताईच्या घंटेची डबी

सोळा नोव्हेंबरला ऑफिसातून घरी येताना भाऊंनी हार्डवेअरच्या दुकानात दोनशे पंधरा रुपये मोजले आणि दोन नळ्यांचा गोंद, पॉलिश पेपर आणि चार बारीक स्क्रू घेतले. ताईची घंटा तिसऱ्यांदा पडली होती.

ताई म्हणजे भाऊंची थोरली बहीण. घशाच्या ऑपरेशननंतर तिचा आवाज कुजबुजीएवढाच उरला होता आणि पायांनी तर त्याआधीच हात टेकले होते. आधाराशिवाय तिला पलंगावरून उतरता येत नसे. म्हणून भाऊंनी ही घंटा स्वतःच्या हातानं बनवली होती. तळहातात मावणारी राखाडी प्लास्टिकची डबी, वर लाल बटण, आत छोटं सर्किट आणि बॅटरी. ताईनं बटण दाबलं की स्वयंपाकघरात बझर वाजायचा आणि कुणीतरी उठायचं. कुणीतरी म्हणजे भाऊ, नाहीतर त्यांची बायको. तिसरं माणूस घरात नव्हतं. मालवाहतूक कंपनीत पावत्या तपासून जन्म गेलेल्या भाऊंना सर्किट जोडण्याचा हा एवढाच नाद होता.

या वेळी डबीचा एक कोपरा उडाला होता, तडा बटणापर्यंत गेला होता आणि झाकणाचे स्क्रू ज्यांत बसतात ते आतले दोन खांब बुडापासून मोडले होते. भाऊंनी जुना गोंद खरवडला. गुळगुळीत प्लास्टिकवर गोंद धरत नाही, म्हणून ते पॉलिश पेपरनं घासलं. मग सोल्डरिंग आयर्न तापवून स्टेपलरच्या पिना तड्यावर आडव्या, टाके घातल्यासारख्या, प्लास्टिकमध्ये बुडवल्या. मुदत संपलेलं बँकेचं कार्ड कापून आतून ठिगळ लावलं.

"अहो, हा जळका वास तुमचा आहे होय? मी दोनदा गॅस बघून आले."

"डबीचं काम चाललंय."

"वन्संचं ऑपरेशन दोन तासांत उरकलं. तुमच्या डबीला तिसरा दिवस."

भाऊ हसले नाहीत. ऑफिसात ऑडिट चालू होतं, डोळे चुरचुरत होते, पाठ मोडून आली होती. स्क्रू पिळताना नुकताच चिकटवलेला खांब पुन्हा कलला, तेव्हा तो परत उभा करायचं त्यांच्या अगदी जिवावर आलं. त्यांनी उरलासुरला सगळा गोंद कालवला आणि झाकणाच्या कडेनं चौफेर भरून टाकला. एकदाची कटकट गेली.

सकाळी डबी दगडासारखी झाली होती. "आता हत्तीनं पाय दिला तरी फुटणार नाही," भाऊ म्हणाले.

ताईनं ती उलटसुलट करून पाहिली. "लहानपणी वह्यांना कव्हरं घालायचास," ती कुजबुजली, "तेव्हा पहिलं पान उघडायचंच नाही."

डिसेंबरातल्या एका रविवारी बायको भाजी आणायला गेली होती आणि भाऊ जरा उशिरापर्यंत लोळत पडले होते. चहाचा कप घेऊन ते ताईच्या खोलीत गेले, तर ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. चादर ओली झाली होती.

"ताई, अगं वाजवायचंस ना."

ताईनं मान वळवली नाही. हात मात्र पुढे करून बटण दाबलं, पुन्हा दाबलं. स्वयंपाकघरातून आवाज आला नाही.

"अंगठा दुखला रे," ती म्हणाली.

भाऊंनी कप खाली ठेवून डबी हातात घेतली. बॅटरी संपली होती, आणि ती बदलायला डबी उघडायची सोय त्यांनी स्वतःच बुजवली होती.

बायको आल्यावर दोघांनी मिळून ताईचे कपडे बदलले, चादर बदलली. मग भाऊ तिथंच खुर्चीत बसून हॅकसॉच्या पात्यानं डबीची पाठ कापायला लागले. त्यांच्याच पिनांवर पातं अडत होतं.

"बरणीचं झाकणसुद्धा माणूस उघडेल असं लावतो," बायको म्हणाली.

"माहीत आहे."

"माहीत होतं, मग?"

"थकलो होतो गं."

बायकोनं फडकं घेतलं आणि डबी हलू नये म्हणून दोन्ही हातांनी दाबून धरली.

"चौकोनी काप," उशीला टेकून बसलेली ताई म्हणाली. "माझ्या डॉक्टरांसारखं वाकडंतिकडं नको."

बॅटरीपुरती खिडकी झाली. भाऊंनी खाली जाऊन बॅटरी आणली, आत बसवली, कापलेला तुकडा वर ठेवला आणि त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून चढवली. दिसायला ध्यान होतं. ताईनं बटण दाबलं. बझर वाजला. तिनं पुन्हा दाबलं.

"काय हवंय, वन्सं?" एव्हाना स्वयंपाकघरात गेलेल्या बायकोनं विचारलं.

"तिला सांग, काही नको. बघत होते," ताई भावाला म्हणाली. मग डबी उशाशी ठेवून ती म्हणाली, "आता पहिल्या तारखेला बॅटरी बदलत जा. ती मरायची वाट बघू नकोस."

"बरं," भाऊ म्हणाले आणि गार झालेला चहा तसाच प्यायले.

रविवारी दुकानं उघडायला वेळ होता म्हणून बॅटरी खालच्या मजल्यावरच्या इलेक्ट्रिशियनकडून उसनी आणली होती. ती अजून परत करायची राहिली आहे.