गोठलेल्या तळ्यावरचा पट

भाच्याने फोनवर "बाबा गेले, मावशी" म्हटलं आणि माझ्या तोंडून फटकन निघालं, "थापा नको मारू." मग मला रडू कोसळलं. पण काय करू... महादेवभाऊजी आणि थापा ही जोडी आमच्या घरात जन्मभर सुखाने नांदली.

भाऊजी मूल गावचे. पन्नासच्या दशकात फौजेत होते, उत्तरेकडच्या डोंगरात खेचरं सांभाळायचे. सुट्टीवर आले तेव्हा आमच्या आरमोरीजवळच्या घरी माझ्या थोरल्या बहिणीला, शेवंताबाईला, पाहायला आले. आम्ही तिला नुसतं 'बाई' म्हणायचो. आमच्या बाबांनी सहज विचारलं, तिकडे काय काय पाहिलं? झालं, भाऊजी खुलले. म्हणाले, थंडीत अख्खं तळं गोठून दगड होतं, लोक त्यावर घोड्यांचा पट, म्हणजे शर्यत, भरवतात, मीही एकदा घोडा पळवला.

बैलांचा शंकरपट आम्ही दरसाल पाहायचो, पण तळ्यावर घोडे? आम्हाला बर्फ माहीत तो जत्रेतल्या गोळ्याचा, तोंडात घालेपर्यंत निम्मा कोपरावरून ओघळणारा. मामा म्हणाले, आमच्या तलावावर निदान एक म्हैस तरी पळवून दाखवा. सगळे फिदीफिदी हसले. बाबा मात्र सुपारी कातरायचे थांबले. पहिल्याच भेटीत एवढी थाप मारणाऱ्याला ते पोरगी देणार नव्हते, हे आम्हाला स्पष्ट दिसत होतं. भाऊजींना त्याचा पत्ताच नाही. ते आपले रंगात येऊन सांगताहेत... घोडा घसरला, मी पालथा पडलो, समोरचा दात तुटला आणि घोडा शर्यत सोडून तंबूकडे पळाला. सांगता सांगता स्वतःच पोट धरून हसत होते.

तेवढ्यात दाराआडून बाई बोलली. पाहायला आलेल्या पाहुण्यांसमोर मुलीने तोंड उघडायचं म्हणजे तेव्हा आगाऊपणाच.

"बाबा, खोटं बोलाचं असतं तं जिकलो म्हटलं असतं. पडलो काऊन सांगते हा?"

ही पोरगी वकिलाच्या वरताण आहे, असं पुटपुटत बाबांनी होकार दिला. पुढे भाऊजी येईल त्याला ती शर्यत ऐकवायचे, आम्ही यथेच्छ टिंगल करायचो आणि ते ऐटीत म्हणायचे की साऱ्या झाडीपट्टीत माझ्यावर विश्वास ठेवणारी एकच बाई होती, ती मी घरी आणली. बाई आपली चहा गाळत राहायची.

तेरवीनंतर मी तिच्याजवळ बसले होते. तिच्या नातीने मोबाईलवर कुठूनसा एक व्हिडिओ शोधून काढला. पांढरंशुभ्र तळं, चहूकडे डोंगर आणि बर्फ उडवत पळणारे घोडे. बाईने चष्मा पुसला, मोबाईल पार नाकाजवळ धरला.

"म्हंजे खरंच होतं काय व हे?"

मग तेव्हा त्यांची बाजू कशापायी घेतलीस, म्हणून मी विचारलं.

"मानूस पसंद होता मले," ती म्हणाली आणि नातीला पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं.