वाकडी फळी

शेजारचे वकील आमच्या स्वयंपाकघरात येऊन विरजण नेतात आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच विरजण त्याच वाटीत परत आणतात. थेंबभर जास्त नाही. मला हा माणूस कोरडाच वाटायचा.

त्यांच्या बाथरूमचं काम निघालं आणि हातोड्याच्या दणक्यांनी आमच्या स्वयंपाकघरातली फळी पडली. ती आमच्या ह्यांनी ठोकली होती, तीही वाकडी. त्यावरून मी त्यांना जन्मभर बोलले. आता हे नाहीत.

वकिलांनी मिस्त्री आणला. त्याने फळी सरळ बसवली. मी "चांगली झाली" म्हटलं, पण त्या भिंतीकडे बघवेना.

"नाही वहिनी," वकील म्हणाले. "ज्याचं नुकसान झालं, त्याला होतं तसंच मिळायला हवं. कमी नाही, जास्त नाही." मग मिस्त्रीकडे वळले. "भैया, ये बायीं तरफ से नीचे थी."

"साहब, टेढ़ी लगाऊँ?"

"बिल्कुल टेढ़ी."

मिस्त्री हसत कामाला लागला. फळी पुन्हा वाकडी झाली.

"आता सगळं पहिल्यासारखं झालं ना?" वकिलांनी विचारलं.

"सगळं कुठे? बोलणी खाणारा कुठाय?"

वकील खाली वाकले आणि ओट्यावर सांडलेलं सिमेंट हातरुमालाने पुसत राहिले.