झाकण लावल्यावर

महिन्यापूर्वी सकाळी सुधीर दारात येऊन नुसता उभा राहिला आणि मला कळलं, त्याचे वडील, म्हणजे माझे थोरले भाऊ, तुमचे अण्णाआजोबा, गेले.

रोहन, चिपवरची कॉइल, ते धातूचं वेटोळं, संगणकात एक वागते आणि प्रत्यक्षात दुसरंच, असं तू मागे वैतागून सांगितलंस. अण्णांना ते ऐंशीच्या दशकातच भोवलं होतं. कोल्हापूरजवळ शिरोलीला बापूसाहेबांच्या भागीदारीत ते वायरलेस सेट बनवत. राधानगरी धरणातून पाणी सोडण्याआधी खालच्या गावाला कळावं म्हणून दोन सेट द्यायचे होते. सर्किट पुण्याच्या संगणकावर तपासून आणलेलं, कागदावर सगळं चोख. पावसाळा तोंडावर होता.

मी इंग्रजीची शिक्षिका, उच्चार स्पष्ट, म्हणून चाचणीला धरणावर माईकसमोर अण्णांनी मला बसवलं. बापूसाहेब खाली गावच्या शाळेत. पाणी सोडत असल्याच्या इशाऱ्याचं वाक्य मी वाचलं. सेटवर बापूसाहेबांचा आवाज आला,

"व्हय व्हय, येतंय की ऐकू! द्या सोपवून, अण्णा!"

अण्णा माईककडे वाकले. "काय म्हणाली ती, सांगा."

सेटवरून खरखर आली… "बाई गोड बोलल्या की कायतरी!"

मी हसले. अण्णांनी खालच्या सेटचं झाकण काढायला लावलं, मी पुन्हा वाचलं आणि बापूसाहेबांनी माझा शब्द न् शब्द परत म्हटला. संगणकानं कॉइल एकटीच धरली होती. पत्र्याचं झाकण जवळ आलं की ती बदलते, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"मग उघडाच ठेवू की डबा!"

"पावसात?"

सेट शिरोलीला परत आले. बापूसाहेब भडकले, "गावानं काय तुमच्या कॉइलची वाट बघत बुडायचं व्हय?" जेवतानाही अण्णांची नजर खिडकीबाहेर, ढगांवर. झाकण लावायचं, मोजायचं, काढून वेढे बदलायचे, पुन्हा लावायचं… जोराचा पाऊस सुरू झाला त्याच दुपारी बापूसाहेबांनी बंद डब्यावरून माझं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं, वर एक शिवी. अण्णांनी त्याच संध्याकाळी सेट सोपवले.

त्यानंतर नुसत्या होकारावर त्यांनी कधी विश्वास ठेवला नाही. वहिनी "बरी आहे" म्हणाल्या तरी विचारत, "झोप लागली का रात्री?"

परवा तुम्ही दोघं भावंडं फोनवर "सगळं ठीक" म्हणालात. मी ठेवणारच होते… पण विचारलं, "आज जेवलात काय, ते सांगा."

तिकडून तू म्हणालास, "सकाळचा चहा… तेवढाच."