राहिलेली कानपिळी

"फिट्टंफाट!" असं म्हणून तो दोन्ही तळहात झटकायचा. तेवढं केलं की त्याच्या लेखी भांडण मिटलं. माझ्या लेखी ते कधीच मिटलं नाही.

आमचं साटंलोटं. त्याची बहीण मला, माझी त्याला, एकाच मांडवात, शिरपूरला. म्हणजे तो माझा साळा आणि मी त्याचा. ही शिवी आम्हा दोघांनाही हक्कानं देता यायची आणि आम्ही ती भरपूर दिली.

कानपिळी तुम्हाला ठाऊक असेलच. नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, बहिणीला नीट वागव म्हणून. लोक नावाला पिळतात. यानं असा पिळला की माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. वर म्हणाला, "माई बहीन रडली, तं हा कान उपटून नेईन!" सगळा मांडव हसला. त्याची बहीणही हसली, माझ्याच शेजारी बसून.

मग माझी पाळी. मी बाह्या सरसावल्या, त्याचा कान धरला, तेवढ्यात माझी बहीण खाली मान घालून पुटपुटली, "हळू, दादा. लागन त्यायले." झालं! हात सैल पडला. तो गालात हसला. "फिट्टंफाट!" कसलं डोंबलाचं फिट्टंफाट? त्याच दिवशी मी ठरवलं, ही कानपिळी राहिली आहे.

पुढं एकदा रागाच्या भरात मी बायकोला माहेरी, आसेगावला धाडलं. तिसऱ्या दिवशी आमच्या दारात काळीपिवळी थांबली आणि पिशवी घेऊन माझी बहीण उतरली. मी फोनवर ओरडलो, "तिले काहून धाडलं? तिचा काय गुन्हा?"

"अन् माया बहिनीचा काय होता?"

मी फोन ठेवला. बहिणीनं पिशवीतून जवसाच्या चटणीचा डबा काढून पुढं ठेवला. "त्यायनं देला. तुले आवडते म्हणून." असल्या माणसावर धड रागावताही येत नाही. तरी मी रागावलोच, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन बायकोला घेऊन आलो.

माझी बहीण त्याच्यापायी एकदा जरी रडली, की त्याचा कान माझ्या हातात, एवढीच आस धरून मी बावीस वर्षं टपून बसलो. त्या लेकाच्यानं तिला एकदाही रडवलं नाही.

यंदा सोयाबीनच्या काढणीत तो वावरात बसल्या जागी गेला. मी आसेगावला पोचलो, तर बहीण ओसरीवर त्याच्या उशाशी बसलेली. आवाज नाही, नुसते डोळे गळत होते. शेवटी रडवलंसच ना, साळ्या!

मी पुढं झालो. लोकांना वाटलं, पाया पडतोय. मी त्याचा कान धरला आणि होता नव्हता तेवढा जोर बोटांत आणला.

बहिणीनं माझं मनगट धरलं.

"हळू, दादा," ती म्हणाली. "लागन त्यायले."