गाळलेली ओळ

शनिवारी शाळा सुटताना प्रत्येक मुलाच्या हातात पुढच्या आठवड्याच्या अभ्यासाचा कागद असतो. भाचीला न्यायला मी फाटकाशी उभी होते. शेजारी तिसरीतली एक मुलगी आईला तो कागद वाचून दाखवत होती.

"सोमवारी पाढे. बुधवारी झाडांची पानं न्यायची."

"आणि खाली काय गं एवढं लिहिलंय?"

"काही नाही. बाईंची सही आहे."

खाली ठळक अक्षरांत होतं, पालकांनी मुलांना रोज एक पान वाचून दाखवावे.

मी ते वाचलेलं मुलीने पाहिलं. सांगू नका, एवढंच तिच्या डोळ्यांत होतं. मी नजर फाटकाकडे वळवली.

लहानपणापासून मी चळवळीची पत्रकं वाटत आले. कागद हातात दिला की म्हणणं पोचलं, असंच मानत आले. ही ओळ लिहिणाऱ्यांचा संताप आला खरा, पण त्यांच्यात मीही होते. हक्कांचे किती कागद मी अशा, वाचता न येणाऱ्यांच्या हातांत कोंबले असतील!

"मग मला काहीच काम नाही की काय?" आई हसली.

"आहे ना. मी रोज एक पान वाचणार आणि तू ऐकायचंस. बाईंनीच लिहिलंय तसं."