काळ्या वेण्यांचा काठ

विट्याच्या पेठेत परक्या बायकांच्या डोक्यांकडे टक लावून बघूनही मार न खाणारा माणूस एकच, आमचा फौजी. बघून झालं की माझ्या सुताच्या दुकानात येऊन म्हणायचा, "एकीलाबी वेणी घालता येत न्हाई गड्या!"

तुम्हीही त्याला अर्धवटच समजला असता. घराणं विणकराचं, पण ऐन उमेदीत शांतिसेनेच्या पलटणीबरोबर आफ्रिकेत काँगोला जाऊन आलेला. परतला तो तिथल्या बायकांच्या वेण्या मनात घेऊनच. हातमागावर लुगडी विणायचा आणि काठात त्या वेण्या उतरवायचा. टाळूला चिकटून नागमोडी जाणाऱ्या बारीक वेण्या, मधे कोरलेले भांग. काठ बघत राहावा असा.

पण वेण्या काळ्या. लग्नसराईत काळा काठ कोण घेणार? संक्रांतीला काय खपेल तेवढंच. व्यापारी म्हणायचा, "फौजी, काळ्याच्या जागी तांबडं घाल, हातोहात उचलतो."

"केस कवा तांबडं असत्यात व्हय?" म्हणत हा लुगडी काखोटीला मारून परत. बहात्तरच्या दुष्काळात घरी चूल पेटायची मारामार, तरी वाकला नाही. बायको मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता कपाळावर हात मारून घ्यायची.

एकदा दुकानात कुणी नव्हतं, तेव्हा मीच विचारलं, काळ्याचा एवढा हट्ट कशाला?

"छावणीजवळ एक बाई रोज पोरीच्या वेण्या घालायची. आमाला बघून पोरगी हसायची. एक दिस कुणीतरी ते गाव कापून काढलं. आमी पोचलो तवा पोरगी वेण्यांवरनं वळखली. तोंड ऱ्हायलंच नव्हतं. समद्या भांगांतनं तांबडं..."

उठताना एवढंच म्हणाला, "घरात सांगू नगंस."

दुष्काळ सरला आणि त्याच हिवाळ्यात फौजी छातीच्या दुखण्याने गेला. लुगडी त्याच्या घरी फळीवर तशीच पडून होती. महिन्याभराने त्याची बायको दुकानात आली.

"भावजी, तांबडं सूत द्या. व्यापाऱ्याशी बोललेय मी. मीच विणीन. वेण्या त्याच, निस्ता रंग बदलायचा. पोरं जगतील, आन् ह्यांचा काठबी जगंल."

मी तराजू पुढे ओढला, तशी ती म्हणाली,

"काळ्यावरच का अडून बसलं हुतं वो? तुमाला कवा काय बोललं का?"

"न्हाई वैनी," मी म्हणालो, आणि तांबड्या सुताचा गठ्ठा खाली काढला.